दादाचं पॅकेज, आबांची डिस्क आणि बाकीचं

मला काल झोप लागली नाही, परवाही लागली नव्हती. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मागाहून कोणी म्हणेल की बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. डोकं ठिकाणावर आहे, झोप तेवढी नाही. उद्या मला दवाखान्यात भरती व्हायचंय. पोटातलं बाळ छान आहे, पण वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, खाली आलीय आणि माझ्या थोरलीच्या, भिंगरीच्या वेळच्या ऑपरेशनच्या टाक्यांना घट्ट चिकटून बसलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाचं मी एकटी बघेन गं, तुझ्या रक्ताचं बघायला मला माणसं लागतील." म्हणाल्या हसून, पण हसताना माझ्याकडे बघत नव्हत्या. तेव्हापासून डोळा लागत नाही.

तर मी, भिंगरीची आई, कपडे अल्टर करून देणारी, शाळा सातवीपर्यंत, हे माझं मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितेय. कोणी लिही म्हणून मागे लागलेलं नाही. उलट सगळे नको म्हणाले. मी शुद्धीत आहे. लोहाच्या गोळ्या सोडल्या तर काही घेतलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण द्यायला काही आहे असं वाटलंच नव्हतं. ज्यांच्या काळ्या कोटाच्या बाह्या मी आत घेते त्या वकीलबाई म्हणाल्या, "तुझ्या शब्दांत लिही, दोन साक्षीदारांसमोर सही कर, आणि खाडाखोड करू नकोस." खाडाखोडीचं काही सांगता येत नाही.

पहिलं घर. घर भाड्याचं आहे, ते मी कोणाला देऊ शकत नाही. पण खिडकीपाशी जिथे उजेड येतो आणि माझं मशीन आहे, ती जागा भिंगरीला अभ्यासाला द्यावी. तिथे सासूबाईंचा पलंग सरकवू नये. सासूबाई, तुमचा डोळा आहे त्या जागेवर, मला माहीत आहे.

शिलाई मशीन भिंगरीचं. ती आता पाच वर्षांची आहे, तिचा पाय मशीनच्या पायडलला पुरत नाही, पण पुरेल. मोठी कात्री पण तिचीच. ती कात्री कागदाला लावायची नाही, पिशवीला नाही, दुधाच्या पुडीला तर अजिबात नाही. भिंगरीचे बाबा, हे तुम्हाला सांगतेय. तुम्ही पावाच्या भट्टीवरून पहाटे दमून येता आणि हाताला येईल त्याने पुडी कापता. एवढ्या वर्षांत मी किती वेळा बोलले. आता लिहून देते, म्हणजे तरी ऐकाल.

बँकेत जे आहे ते भिंगरीच्या बाबांना. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

सासूबाईंना माझी निळी लोकरीची शाल. भिंगरीच्या वेळी मला उठवत नव्हतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आम्ही तिसऱ्या दिवशी धुणं धुतलं बाई, हल्लीच्या पोरी कागदाच्या." ते मी विसरलेले नाही. पण दोन महिने झाले, त्या मला पाण्याची बादली उचलू देत नाहीत. मी हात लावला की ओरडतात, "ठेव ती खाली, माझी नात आईवाचून ठेवायचीय का तुला?" एक लिहायचं तर दुसरंही लिहिलं पाहिजे, म्हणून दोन्ही लिहिलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

मशीनच्या शेजारी दादाचा जुना कॉम्प्युटर आहे. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्यात दादाने बनवलेलं एक पॅकेज आहे, म्हणजे बांधून तयार ठेवलेला प्रोग्रॅम. ते काय आहे हे भिंगरीच्या बाबांनासुद्धा नीट माहीत नाही, म्हणून सांगते. आमचे आबा फोटो काढायचे, त्यांचा छोटा स्टुडिओ होता. तिथे वीज सारखी जायची, आणि गेली की कॉम्प्युटरमधले फोटो अर्धे कापलेले, वरचं डोकं आहे तर खालचा शर्ट नाही, असे व्हायचे. आबा म्हणायचे, "नवरीचं नाक गेलं रे, आता तिच्या बापाला काय सांगू?" म्हणून दादाने स्वतः एक फाइलसिस्टिम लिहिली. फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवलीय हे जिला माहीत असतं ती. ती असली की वीज गेली तरी नाक जात नसे.

ती लिहिली आमच्याच घरी, माझ्या शिवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मी काज करत बसायचे आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचा.

"ऐक गं, हे कसं वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"कळू नको देऊस. नुसती ऐक. तुला सांगायला लागलो की माझी चूक मला दिसते."

असं ऐकता ऐकता थोडं कळायला लागलं. दादाने ते पॅकेज करून सगळ्या जगाला फुकट वापरायला ठेवलं. कोणी कोणी घेतलं. फार नाहीत. एक पक्ष्यांचे आवाज साठवणारा आहे, त्याला मी पक्षीवाला म्हणते. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एक बाई आहेत. जुने नकाशे जमवणारे एक आजोबा आहेत, ते मला पत्रात 'भाऊसाहेब' म्हणतात.

पण या पॅकेजचं एक दुखणं आहे. कॉम्प्युटरच्या आत कर्नल असतो. तो सगळ्या कामाचा मुकादम समजा. त्याची नवी आवृत्ती सारखी येते, आणि नवा मुकादम आला की कामाची रीत थोडी बदलतो. कर्नलच्या घरातल्या ज्या फाइलसिस्टिम आहेत त्यांना त्यांची माणसं लगेच सुधारून घेतात. आपलं पॅकेज बाहेरचं, त्याला कोणी निरोप देत नाही. मग कर्नल नवा आणि पॅकेज जुनं असं झालं की मुकादमाला ती डिस्क ओळखूच येत नाही. तो म्हणतो, ही कोरी दिसते, वापरायला तयार करून देऊ का? आणि तिथे कोणी हो म्हणालं की संपलं, आतलं सगळं दिसेनासं होतं.

आमच्याकडे तेच झालं.

दादाने आबांच्या स्टुडिओत नवा कर्नल घातला. पॅकेज आधी तपासायचं राहिलं, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तो म्हणाला, "आलो आबा, चहा सांगून येतो." तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला. आबांना कॉम्प्युटर दादानेच शिकवला होता. आबा घाबरायचे, म्हणून त्याने सोपं करून सांगितलं होतं, की काहीही विचारलं तरी हो दाबायचं. आबांनी दाबलं. मग पुन्हा विचारलं, नक्की ना? आबांनी पुन्हा दाबलं.

दादा चहा घेऊन आला तेव्हा आबा खुशीत होते. "काहीतरी विचारत होता रे. हो म्हणालो मी. तू सांगितलंस तसंच केलं."

आबांचं सगळं आयुष्य त्या डिस्कवर होतं. निगेटिव्हना ओल लागली म्हणून त्यांनी एकेक करून सगळं त्याच्यात भरलं होतं, आईच्या फोटोंसकट. दादा तिथून उठला नाही, त्याने नाना तऱ्हांनी शोधून बघितलं. काही मिळालं नाही. आबा त्याच्यावर रागावले नाहीत. उलट त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "माणसं आहेत ना जागेवर, त्यांचे पुन्हा काढू." पुढच्या थंडीत आबा गेले. फुप्फुसाने गेले. दवाखान्याच्या कागदावर तेच लिहिलंय आणि तेच खरं आहे. पण दादा म्हणाला, "माझ्यामुळे गेले." मी म्हटलं, "वेडा आहेस का?" त्याने कॉम्प्युटर उचलून माझ्याकडे आणून ठेवला. डिस्क पण. म्हणाला, "हे मला डोळ्यांसमोर नको." आणि निघून गेला.

मग फोन उचलायचाच बंद झाला. आधी माझा, मग भिंगरीच्या बाबांचाही. भिंगरीच्या बारशालाही आला नाही. मला राग आहे त्याचा. मृत्युपत्रात राग लिहितात का माहीत नाही, मी लिहिते. आई नव्हती, आबा गेले, आणि तू होतास तर तूही गेलास दादा. मी भांडायला तरी कोणाशी भांडायचं?

तो निघून गेल्यावर त्याच्या ईमेलच्या पत्त्यावर पक्षीवाल्याचं पत्र आलं. कॉम्प्युटर माझ्याकडे, म्हणून मी वाचलं. 'नवा कर्नल आलाय, डिस्क उघडत नाही, पक्षी आत अडकलेत, कॉम्प्युटर काहीतरी विचारतोय.' मी लिहिलं, "काहीही विचारलं तरी हो दाबू नका. थांबा." आणि लिहिल्यावर कळलं की थांबा म्हटलंय तर आता आपल्याला काहीतरी केलं पाहिजे.

तेव्हापासून मी ते पॅकेज सांभाळते. मला नवीन लिहिता येत नाही. पण नवीन कपडा शिवणं वेगळं आणि अल्टर करणं वेगळं, अल्टर मला येतं. नव्या कर्नलवर पॅकेज बांधायला घेतलं की कॉम्प्युटर अडतो आणि सांगतो, अमक्या ओळीत तीन गोष्टी द्यायच्या होत्या, तू दोनच दिल्यास. मग मी कर्नलच्या घरातल्या बाकीच्या फाइलसिस्टिम उघडून बघते, की या शेजारणींनी तीच ओळ कशी बदलली. आपल्यात तशी बदलायची. जुनी ओळ मात्र काढायची नाही. कर्नल जुना असेल तर ही घे, नवा असेल तर ती घे, असं दोन्ही ठेवायचं, कारण नकाशेवाले आजोबा वर्षानुवर्षं कर्नल बदलत नाहीत. पुढे उसवून वाढवता यावं म्हणून शिवणीत माया, जादा कापड, सोडतात ना, तसंच. अडलं तर पक्षीवाल्याला विचारते. तो शिकलेला आहे आणि मला कधी हसत नाही.

हे सगळं मी दादाच्याच नावाने करते. पॅकेजच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याचं नाव आहे, ते बदललं नाही. पासवर्ड कुठे लिहून ठेवलेला नाही. तो दादाचाच आहे, त्याला माहीत आहे.

आता डिस्कचं. आबांची डिस्क मी टाकली नव्हती, बटणांच्या डब्यात ठेवली होती. या उन्हाळ्यात नवा कर्नल आला तो डिस्क कुठून सुरू होते तेच वेगळ्या तऱ्हेने वाचायला लागला, आणि पक्षीवाल्याची डिस्क पुन्हा अडली. त्याने शोधून काढलं आणि मला लिहिलं, 'तुमच्या भावाने फाइली कुठे आहेत त्याच्या प्रती डिस्कवर जागोजागी ठेवल्यात, फार हुशारीने. पण त्या सुरुवातीपासून मोजून ठेवल्यात. सुरुवात सरकली तर एकही सापडणार नाही.' मी ते वाचलं आणि हातातला ब्लाउज खाली ठेवला. आबांनी हो दाबलं तेव्हा डिस्क नव्याने आखली गेली होती. सुरुवात सरकली होती. माप खांद्यावरून घ्यायचं ते कॉलरवरून घेतलं तर सगळे टक्स चुकतात, तसं दादाचं झालं होतं. प्रती होत्या जागेवर. तो शोधत होता थोडं बाजूला.

आधी डिस्कची हुबेहूब नक्कल केली, आबांच्या डिस्कला हात लावला नाही. नकलेवर पक्षीवाल्याने सांगितलं तसं जुन्या सुरुवातीपासून मोजलं. दादाने जपून ठेवलेली तिसरी प्रत सापडली.

सगळं नाही आलं. बरंच आलं. आई आली. आणि 'दिवे' नावाचं एक फोल्डर आलं. आबा गिऱ्हाईक बसायच्या आधी दिवे नीट आहेत का बघायला दादाला स्टुलावर बसवायचे आणि एक फोटो काढायचे. दादा वैतागायचा. "आबा, हे ठेवू नका हं, मी माकडासारखा दिसतो." आबा म्हणायचे, "छे रे, काम झालं की टाकून देतो." एकही टाकलेला नाही. दात पडलेला दादा, गालावर शाई असलेला, मिसरूड फुटलेला, डोळे किलकिले केलेला. गिऱ्हाईकांपेक्षा त्याचेच जास्त आहेत. मी आणि भिंगरी बघत बसलो. भिंगरीने विचारलं, "हा मुलगा कोण?" मी म्हटलं, "तुझा मामा." तर म्हणते, "मग तो आपल्याकडे का येत नाही?"

मी त्याला फोन केला. केला, केला, केला. उचलत नाही.

म्हणून असं लिहून देते. पॅकेज दादाचं, त्यालाच परत. त्याला नको असेल तर पक्षीवाल्याकडे द्यावं, तो नाही म्हणणार नाही, पण आधी दादाला विचारावं आणि नीट विचारावं. जो कोणी घेईल त्याने नवा कर्नल आधी आपल्या कॉम्प्युटरवर, रिकाम्या डिस्कवर चालवून बघावा आणि मगच लोकांना सांगावं. शाळेतल्या बाईंना मुलांच्या परीक्षांच्या आधी काही पाठवू नये. नकाशेवाल्या आजोबांना मोठ्या अक्षरात लिहावं. पत्र आलं की त्याच दिवशी निदान 'थांबा' एवढं तरी कळवावं.

आबांची डिस्क दादाला. नक्कल भिंगरीला.

इतक्या वर्षांत लोकांनी जे धन्यवाद पाठवले ते सगळे कॉम्प्युटरमध्ये आहेत, तेही दादाला. त्याच्या नावाने आलेत. फक्त पक्षीवाल्याने एकदा एका पक्ष्याचा आवाज पाठवला होता, भिंगरी तो ऐकून झोपते. तेवढा तिचा.

भिंगरीचे बाबा, आता तुमचं. तुम्ही काल म्हणालात, "असलं काही लिहू नकोस, मला भट्टीवर उभं राहवत नाही मग." तुमच्या हाताला पिठाचा वास येतो तो मला आवडतो, हे कधी बोलले नव्हते. मी नसले तर दुसरं लग्न करा. खरंच करा, दोन पोरं आणि रात्रपाळी एकट्याने व्हायची नाही. पण एक ऐका. आम्ही नवा कर्नल घातला तरी जुना लगेच पुसत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना नावांची यादी येते त्यात त्याला खाली राहू देतो. एखाद्या दिवशी नवा अडला तर परत जायला जागा असावी म्हणून. तसा माझा एक फोटो कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने राहू द्या. येईल तिला टोचायला नाही. पोरांना कधी लागला तर. ती चांगली असेल तर तिलाही कळेल.

पोटातलं बाळ. त्याला काय देऊ ते सुचत नव्हतं, बाकी सगळं वाटून झालं. त्याला मामा देते. भिंगरीलाही तोच, दोघांत एक. मामाने दोघांना स्टुलावर बसवून फोटो काढावेत, दिवे नीट आहेत का बघावेत, आणि एकही टाकू नये.

राहिलंच. हिरवा ब्लाउज, टेबलावर घडी केलेला, वकीलबाईंच्या बहिणीचा आहे. बाह्या झाल्यात, हूक लावायचेत.

हे मी पूर्ण वाचून, समजून, स्वतःच्या राजीखुशीने लिहिलं आहे. मी उद्या-परवा हसत घरी आले तर हे फाडायला मी स्वतः येईन, तोवर हेच खरं धरावं.

लिहून देणार: भिंगरीची आई (सही)

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी. अंगठा, कारण चष्मा घरी राहिला. त्या म्हणाल्या, "मी काही वाचलं नाही, पण तू लिहिताना बघितलं. रडली नाहीस, तेवढं सांगेन."

साक्षीदार दुसरे: पलीकडचे चष्मे दुरुस्त करणारे काका (सही)

ठिकाण: माझ्या मशीनपाशी, खिडकीत.
तारीख: दवाखान्यात जायच्या आदला दिवस, मंगळवार.

साक्षीदारांनी सही केल्यावर एवढंच वाढवतेय, त्यांना वाचून दाखवलंय.

हे जे कोणी उघडेल, नर्सबाई असाल, वकीलबाई असाल, कोणीही, मी बरी असले तरी आणि नसले तरी, माझ्या भावाला एक फोन करा. नंबर या कागदाच्या मागे आहे. माझ्या फोनवरून करू नका, यांच्याही नको, आमची नावं दिसली की तो उचलत नाही. तुमच्यावरून करा. आणि माझं लगेच सांगू नका, तो घाबरेल आणि ठेवून देईल. आधी सांगा, आबांची डिस्क उघडली. तुझीच तिसरी प्रत होती, ती सापडली. आबांनी दिव्यांचा एकही फोटो टाकला नव्हता. एवढं झालं की तो गप्प होईल. तो गप्प झाला तरी फोन ठेवू नका, थांबा. मग त्याला सांगा, बहीण कुठल्या दवाखान्यात आहे ते.